नवरा डायलिसिसवर आहे, प्रार्थना होत नाही. विश्वास गेला का माझा?

नगरची_सून:
सगळ्यांना जय ख्रिस्त. मी इथे नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिस चालू आहे, टेम्पोचा धंदा बंद, मुलगा दहावीला. मी मंडळीतच वाढले, संडेस्कूल शिकवलं, सगळं केलं. पण हल्ली प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाही आणि फुटला तर रागच येतो, की प्रभू तू बघतोयस ना सगळं, मग? त्यात भेटायला येणारी माणसं. एक सिस्टर म्हणाल्या घरात कुणाचं तरी कबूल न केलेलं पाप असणार. एक ब्रदर तर मिस्टरांच्या तोंडावर म्हणाले, विश्वास पक्का असेल तर मशीनची गरजच काय. ते ऐकून मिस्टर दोन दिवस नीट जेवले नाहीत. असा राग येणं म्हणजे विश्वास गेला का? उपासनेला जायचंही जिवावर येतं, सगळे गात असतात आणि मी नुसती उभी.

जालन्याचे_काका:
ताई, आधी मशीनचं बोलतो. एकही डायलिसिस चुकवू नका, कुणी कितीही वचनं ऐकवू देत. प्रेषित पौलाच्या हातून लोक बरे झाले हे प्रेषितांची कृत्ये मध्ये आहेच, पण तोच पौल तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहितो की माझा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत गावात ठेवून आलो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं एक अक्षर नाही तिथे. आणि पौलाच्या सोबत असायचा तो लूक, तो वैद्यच होता.
पापाचं म्हणाल तर योहान ९ काढा. जन्मांध माणसाला बघून शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? प्रभू दोघांचंही नाही म्हणतो. मुलंबाळं, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर फार चांगले होते, तोंड उघडलं आणि तुमच्या त्या सिस्टरांसारखंच बोलायला लागले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, आणि इतके अध्याय देवाशी भांडत बसलेल्या ईयोबाला म्हणाला हा माझ्याविषयी बरोबर बोलला. हे मंडळीत कुणी मोठ्याने वाचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

वसईची_लेक:
आम्ही कॅथलिक, पण हे दुःख आमच्याकडेही तेच आहे. ताई स्तोत्र ८८ वाचा. बाकीची बहुतेक रडगाऱ्हाण्याची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, देवाची स्तुती येते, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलंय, एवढंच नाही तर आमच्या फादर-सिस्टर लोकांच्या रोजच्या प्रार्थनेत शुक्रवारी झोपण्याआधी हेच म्हणतात. माझी आई गेली तेव्हा मला जपमाळ हातात धरवत नव्हती, मग मी फक्त हे स्तोत्र वाचायचे, तेवढ्यापुरते शब्द दुसऱ्याचे घ्यायचे. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली त्यात त्यांनी लिहिलंय की कित्येक वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, तरी रोज उठून कामाला जायच्या. तुम्हाला राग येतो म्हणजे तुम्ही अजून त्याच्याशी बोलताय. नसताच तर रागावणार कुणावर?

साक्षी_७७:
सगळं पटलं पण एक सांगू का, देव आजही बरं करतो हो. माझ्या भावाला डॉक्टरांनी सोडून दिलं होतं, तो आज चालतोय. चमत्कार मागायचं सोडू नका प्लीज.

जालन्याचे_काका:
साक्षीताई, मागायचं अजिबात सोडू नये, मीही मागतो. पण पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं कसलंतरी दुखणं, काढ म्हणून तीन वेळा विनवलं आणि उत्तर आलं ते माझी कृपा तुला पुरे आहे. काटा तसाच राहिला. ज्याच्या घरी काटा तसाच आहे त्याला आपली साक्ष ऐकवताना जरा जपून, एवढंच म्हणणं आहे.
आणि आपल्या पंडिता रमाबाईच बघा. आईवडील दुष्काळाच्या काळात गेले, मग भाऊ, मग १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा, पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा १८८३ चा. म्हणजे इथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं, काही लोकांच्या हिशोबाने. तर १९२१ मध्ये ती मनोरमाही गेली, जिच्या हाती केडगावचं मुक्ती मिशन, बाईंनी निराधार बायकांसाठी काढलेली संस्था, सोपवायचं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, आणि तोपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम धरून होत्या. केडगावला जाऊन कोण म्हणेल यांचा विश्वास कमी होता?

डायलिसिस_टेक्निशियन:
मी ख्रिश्चन नाही पण रोज हेच पेशंट बघतो म्हणून लिहितो. पैशाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. जिल्हा रुग्णालयातही विचारा, केंद्राची मोफत डायलिसिसची योजना आहे. पाणी आणि मीठ डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. आणि जेवण सोडू देऊ नका, या पेशंटला प्रोटीन लागतं.

वसईची_लेक:
देव तुमचं भलं करो भाऊ. ताई अजून एक, मार्क २ मध्ये चार जण त्या पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात ना, तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस काही बोललेलाच नाही. तेव्हा सध्या तुम्ही गाऊ नका, मागच्या बाकावर नुसतं बसा, बाकीचे गातायत ते तुमच्यासाठीच आहे असं समजा. आणि घरी कोण येणार, किती वेळ बसणार हे पाळकसाहेबांना सांगून तुम्ही ठरवा, त्या ब्रदरना स्पष्ट नाही म्हणा.

नगरची_सून:
सगळ्यांचे खूप आभार, रडत रडत वाचलं. रेशनकार्डावर यांचं नाव जुन्या पत्त्यावर आहे ते चालेल का बघते. मिस्टरांना त्रफिमाचं वाचून दाखवलं, म्हणाले हे मला आधी कुणी का नाही सांगितलं. पाळकसाहेबांशी उद्या बोलते.

जालन्याचे_काका:
डायलिसिसचे वार कोणते ते फक्त सांगा, आमच्या घरच्या प्रार्थना संगतीत त्या वेळी मिस्टरांचं नाव घेऊ.

नगरची_सून:
सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातची शिफ्ट असते.