पाठीतल्या पाण्यात बँड आले, पण सोबत रक्तच पाठवलं नव्हतं – मदत हवी आहे

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे, वय 29. दिवाळीनंतर डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचा. ऑप्टिक न्युरायटिस (डोळ्याच्या नसेला सूज) निघालं. एमआरआयमध्ये मेंदूत दोन जागी डाग आहेत, पण कॉन्ट्रास्ट देऊनही एकही चमकला नाही. डॉक्टरांना एमएसचा (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) संशय आहे. अ‍ॅटॅक मात्र हा पहिलाच. 2017 च्या मॅक्डोनल्ड निकषांप्रमाणे (एमएसच्या निदानाचे नियम) रक्तात नसलेले बँड (टेस्टमध्ये दिसणाऱ्या अँटीबॉडीच्या रेघा) पाण्यात सापडले, तर दुसऱ्या अ‍ॅटॅकची वाट न बघता निदान करता येतं, म्हणून एलपी (लंबर पंक्चर, पाठीत सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढणं) केली.

गुडघे पोटाशी घेऊन ती कुशीवर पडून होती, थेंब थेंब करत तीन बाटल्या भरल्या. नंतर चार दिवस उठून बसलं की डोकं ठणकायचं.

रिपोर्ट काल आला. पेशी 8, सगळ्या लिम्फोसाइट. प्रोटीन 42, साखर नॉर्मल. ऑलिगोक्लोनल बँड 6. खाली बारीक अक्षरात ‘सीरम मिळालं नाही’ (सीरम म्हणजे रक्तातला पातळ भाग). आयजीजी (एक अँटीबॉडी) इंडेक्सचा रकाना रिकामा. त्या दिवशी रक्त कुणी काढलंच नव्हतं!

आता सहा बँड म्हणजे एमएस पक्कं धरायचं का? एलपीनंतर पाच दिवस स्टेरॉइड झालंय, त्याने फरक पडेल? पुन्हा सुई म्हटलं की ती रडकुंडीला येते. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.

प्रतिसाद

ताई, मी लॅबमध्ये काम करतो. ही टेस्ट म्हणजे मुळात तुलना आहे. पाणी आणि त्याच वेळचं रक्त एकाच जेलवर शेजारी शेजारी लावतात. रक्तात आयजीजी शेकडो पट जास्त, म्हणून सीरम आधी पातळ करून दोन्हीकडे सारखं करून घेतात आणि मग रेघा बघतात. फक्त पाण्यात रेघा असल्या (टाइप 2) किंवा दोन्हीकडे असून पाण्यात जास्तीच्या असल्या (टाइप 3), तर आयजीजी मेंदू-मज्जारज्जूच्या आतच तयार होतंय. दोन्हीकडे हुबेहूब त्याच असल्या (टाइप 4), तर ते रक्तातून झिरपलेलं. तुमच्या सहा रेघा कुठल्या, हे नुसत्या पाण्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. आणि टाइप 2 आला तरी तेवढ्यावर एमएस ठरत नाही, मेंदूतल्या काही इन्फेक्शनमध्येही तो दिसतो.

स्टेरॉइडने बँड सहसा पुसले जात नाहीत. आधी आजच लॅबला फोन करा. पाणी उरलंय का विचारा, टाकू नका म्हणून सांगा. उरलं असेल तर ताज्या रक्तासोबत पुन्हा लावता येईल का, हे तिथल्या बायोकेमिस्टना विचारा. रक्तातलं आयजीजी निम्मं व्हायलाच सुमारे 3 आठवडे लागतात, त्यामुळे विचारण्यात अर्थ आहे. एक्यूपी4 आणि मॉग अँटीबॉडी (एमएससारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या टेस्ट) झाल्या नसतील तर डॉक्टरांना त्याही विचारा. त्या रक्तातूनच होतात.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. फोन केला. एक मिलीला थोडं कमी शिल्लक आहे, फ्रीजरमध्ये. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्त घेऊन या म्हणाले, लावून बघतो. बहिणीला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, “म्हणजे हातातून ना? पाठीतून नाही ना?”