डीबी-९ ची १ नंबरची पिन कुठल्या बाजूने मोजायची? केबल जोडली, वजनकाटा गप्प

खटपट्या:
जुन्या वजनकाट्याची सिरीयल केबल कॉम्प्युटरच्या टोकाला तुटली. काट्याकडचा मेल कनेक्टर शाबूत होता, तो तसाच ठेवला आणि दुसऱ्या टोकाला नवा ९ पिनी (डीबी-९) फीमेल सोल्डर केला. वायरी तीनच, सरळ: २ ला २, ३ ला ३, ५ ला ५. मॅन्युअलमध्ये फीमेलचं चित्र आहे, पाच भोकांची ओळ वर आणि १ नंबर उजव्या कोपऱ्यात. कनेक्टर फिरवून, पाचाची ओळ वरच ठेवून, मागच्या कपांत (वायर सोल्डर करायच्या वाट्यांत) चित्राप्रमाणे वायरी लावल्या. मल्टिमीटरने तपासलं तर तिन्हींना बीप. तरी टर्मिनलवर (पोर्टवर येणारी अक्षरं दाखवणारा प्रोग्रॅम) एक अक्षर उमटत नाही. ९६०० बॉड (वेग) वगैरे सेटिंग पूर्वीचंच आहे. पोर्ट गेला की काटा?

बिटबाइट:
आधी पोर्टचा संशय मिटवा. केबल काढा, पोर्टच्या २ आणि ३ पिना जंपरने जोडा आणि टर्मिनलमध्ये काहीही टाइप करा. लोकल एको (टाइप केलेलं टर्मिनलने स्वतःच दाखवणं) बंद असूनही अक्षरं परत आली तर पोर्ट ठणठणीत.

खटपट्या:
केलं. अक्षरं येतात. जंपर काढला की बंद.

सोल्डरकाका:
मग काट्याला इतक्यात दोष देऊ नका. बीप कुठून कुठे घेतला? माझा अंदाज, एक प्रोब मेलच्या पिनेवर आणि दुसरा तुम्ही सोल्डर केलेल्या कपावर. म्हणजे ज्या क्रमाने वायरी लावल्या त्याच क्रमाने मोजल्या. चोरालाच साक्षीला बोलावलंत.

चित्र तोंडाकडून काढलेलं आहे, सोल्डर तुम्ही पाठीकडून केलं. कनेक्टर फिरवला की डावं-उजवं बदलतं. तुम्ही ज्याला ५ समजलात तो कप १ चा, २ समजलात तो ४ चा. ३ मधोमध असल्यामुळे ती जागच्या जागी राहिली. आता काय झालं बघा: कॉम्प्युटर ३ वरून पाठवतो, ती वायर बरोबर. काट्याचा डेटा मात्र २ ऐवजी ४ वर, म्हणजे डीटीआरवर आला, आणि ती तर कॉम्प्युटरची स्वतःची आउटपुट. दोघं एकमेकांच्या तोंडावर ओरडतायत, ऐकणारं कुणी नाही. ग्राउंड १ वर लटकलंय. काही जळलं असेल ही धास्ती नको, आरएस-२३२ चे, म्हणजे या सिरीयल पोर्टचे, ड्रायव्हर (सिग्नल पाठवणारी सर्किटं) शॉर्ट सोसतील असेच बनवतात.

चित्र बाजूला ठेवा आणि कनेक्टरचं प्लॅस्टिक बघा. त्यावर बारीक आकडे कोरलेले असतात, बऱ्याचदा मागेही. विजेरी तिरपी धरली की दिसतात. माझे डोळे आता तेवढं वाचत नाहीत, मी मोबाइलने फोटो काढून मोठा करतो. आकडे नसतील तर एवढं धरा: मेलचं तोंड आणि फीमेलची पाठ यांचा क्रम एकच. पाचाची ओळ वर, १ डावीकडे. मेलची पिन ज्या भोकात शिरते त्याच्याच मागे तो कप असतो, म्हणून.

तपासणी तोंडाकडूनच करा. प्रोब भोकात जाणार नाही, रेझिस्टरचा कापलेला पाय घाला.

आणि २५ पिनीशी गाठ पडली तर ९ पिनीचे नंबर तिथे नेऊ नका. तिथे कॉम्प्युटर २ वर पाठवतो, ३ वर घेतो आणि ग्राउंड ७ वर असतं. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

रिबनवाला:
काकांचं पटलं, पण मदरबोर्डवरच्या १० पिनी हेडरला ही मोजणी लावू नका. तिथे नंबर नागमोडी जातात, एका ओळीत १, ३, ५, ७, ९ आणि समोर २, ४, ६, ८, १०. रिबनची (चपट्या केबलची) लाल कड १ कडे, बोर्डवर बहुधा चौकोनी पॅड १ चा. शिवाय हेडरपासून मागच्या डीबी-९ पर्यंतच्या पट्ट्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत डीबीची ५ हेडरच्या ९ वर जाते, दुसरीत ५ वरच. दिसायला जुळ्या बहिणी. माझ्याकडे दोन्ही आहेत, एकीला लाल टेप लावून ठेवलाय.

खटपट्या:
काका, रेझिस्टरचा पाय घालून बघितलं. मेलची ५ बीप देते १ च्या भोकात, २ देते ४ च्या भोकात, ३ बरोबर. आकडे खरंच कोरलेले होते, दोन दिवस तोच कनेक्टर हातात होता आणि दिसले नाहीत! दोनच वायरी हलवल्या, तिसरीला हात लावावा लागला नाही. आता टर्मिनलवर ०.००० ची रांग लागलीय आणि ताटलीवर अंगठा टेकवला की आकडे पळतात.