मदत हवी आहे: पश्चिमेला सगळी काच असलेला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा का?

सोलापुरात विजापूर रोडला नवीन टॉवर झालाय, सँपल फ्लॅट बघून आलो, दिसायला लईच भारी आहे, हॉलला खालपासून वरपर्यंत काच, पण पश्चिमेला! दुपारी चारला काचेला हात लावला तर चटका बसला, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. आतून पडदे लावून फारसा उपयोग नाही, ऊन आत आल्यावर अडवून काय करणार, आणि बाहेरून छज्जा किंवा जाळी लावू देत नाहीत, म्हणे एलेव्हेशन, म्हणजे बिल्डिंगचं बाहेरचं रूप, बिघडतं. आई दिवसभर घरीच असते हो, तिची काळजी वाटते. त्यात उजनी धरणाचं पाणी चार-पाच दिवसाआड. उंच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, डबल काचेनं खरंच फरक पडतो का, आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात?