नाशिकमध्ये मुलांचे दात धीराने बघणारे डेंटिस्ट सुचवाल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही नाशिकला कॉलेज रोडजवळ राहतो. लेक साडेपाच वर्षांची आहे. परवा जेवताना एकदम गाल धरून रडायला लागली. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं तर खालच्या दाढेत काळा खड्डा आणि त्यात भाताचं शीत अडकलेलं. पोटात कालवलं अगदी.

सासूबाई म्हणतात, "दुधाचाच दात, पडेल आपोआप." पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा त्याच धरून ठेवतात, लवकर काढल्या तर शेजारचे दात सरकतात. म्हणून काढायची घाई नको वाटते.

एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे तिला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. आता दवाखान्याचं नाव काढलं तरी मला घट्ट बिलगते.

मुलांशी आधी गप्पा मारून, आरसा हातात देऊन मग तपासणारे पेडोडॉन्टिस्ट (लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर) कुणाला माहीत आहेत का? दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल आणि वर कॅप कुणी केली आहे का, किती खर्च आला, किती खेपा झाल्या? सहाव्या वर्षी मागे पक्की दाढ येते, तिच्यावर सीलंट (कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचांवर लावतात तो पातळ थर) लावून घेतलं असेल तर तेही सांगा.

रात्रीचं साखरेचं दूध बंद केलंय, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन झोपण्याआधी मीच घासून देते. सासूबाईंची कवळीही टोचते, तीही तिथेच दाखवता आली तर फार बरं होईल. मला सुट्टी फक्त रविवारी असते.