डोळा काढायचा की वाचवायचा? लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर

सीताबर्डीकर: रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे बहुतेक ५ वर्षांखालच्या पोरांना होणारा डोळ्याचा कॅन्सर. माझं मत कडू वाटेल. एकच डोळा गाठीने भरलाय, दुसरा चांगला आहे, तर नागपुरातच काढून घ्या. हैदराबादच्या मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख मिळवण्यात महिने घालवू नका. गाठ डोळ्यामागच्या नसेतून मेंदूकडे सरकली की डोळ्याचा प्रश्नच उरत नाही. श्रीमंत देशांत ९५ टक्क्यांहून जास्त मुलं जगतात, कारण ती वेळेत पोचतात.

धरमपेठची आई: म्हणजे गरिबाला ‘काढून टाका’ आणि पैसेवाल्याला ‘किमो देऊन बघू’! धमनीतून थेट डोळ्यात औषध, लेझर, क्रायो म्हणजे गाठ गोठवून मारणं, सगळं आपल्या देशात होतं. साधारण चारातल्या एका मुलाला दोन्ही डोळ्यांत असतो. त्याचेही काढाल?

सीताबर्डीकर: त्याला हैदराबादला पाठवाच, वाद नाही. पण डोळा वाचवायचा म्हणजे दर काही आठवड्यांनी भूल देऊन तपासणी, पुन्हा लेझर. गडचिरोलीहून नागपूर गाठतानाच बापाची मजुरी बुडते. दोन किमोंत बाहुलीतला पांढरा डाग लहान होतो, घरचे म्हणतात बरं झालं, आणि फिरकत नाहीत.

वऱ्हाडी माणूस: कावून भांडून राहिले बावा? पोरगं दवाखान्यात पोचते कधी, ते सांगा ना! बाहुली पांढरी चमकली तं म्हणतात फूल पडलं, थेंब टाका. तिरळं झालं तं म्हणे नशीबवान. फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल, एक पांढरी दिसली तं त्याच आठवड्यात डोळ्याचा डॉक्टर गाठा. अंगणवाडीत तपासणीचं पथक येते, त्याच्या टॉर्चचा उपयोग करा.

धरमपेठची आई: बरोबर. पण लोक पळतात ते ‘काढा’ हा शब्द ऐकून. पोरगी असली की आजीचा पहिला प्रश्न लग्नाचा. ऑपरेशनच्या आधी कृत्रिम डोळा बसवलेलं एखादं मूल त्या घराला भेटवा.

सीताबर्डीकर: हे पटलं. आणि काढलेला डोळा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. नसेच्या कापलेल्या टोकाला पेशी सापडल्या तर पुढे किमो, रेडिएशन लागतं. धाकट्या भावंडांचेही डोळे तपासा. बाकी माझं मत तेच.

धरमपेठची आई: ‘भरलाय’ हे ठरवणार कोण, शिबिरातला डॉक्टर? भुलेखाली तपासणी आणि एमआरआय नागपुरात होऊ दे. ते फोटो हैदराबादला पाठवून दुसरं मत मागवायला बापाची मजुरी बुडत नाही.