अनुभव धागा: "जादा दिलेली रक्कम परत भरा" अशी नोटीस आली तेव्हा तुम्ही काय केलंत?

सरकारने आपणहून पैसे दिले. कुणाला पगारात, कुणाला पेन्शनमध्ये, कुणाला शेतकरी सन्मान निधीत, कुणाला पुराच्या मदतीत. काही वर्षांनी पत्र येतं की ही रक्कम आपणास अनुज्ञेय नव्हती, सबब ती शासनखाती भरावी. तोवर पैसे मुलीच्या लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये, औषधपाण्यात गेलेले असतात. पत्रात एकच मोठा आकडा असतो, तो कसा आला हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

कोल्हापुरात ओळखीपाळखीच्या लोकांना अर्ज लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते. भीतीने त्याच दिवशी सही करून मोकळे होणारे लोक पाहते तेव्हा फार वाईट वाटतं. नोटीस कपाटात टाकून विसरणारे पाहते तेव्हाही तितकंच. म्हणून हा धागा. तुमच्यावर किंवा घरच्यांवर अशी वेळ आली असेल तर लिहा. कार्यालयांची आणि माणसांची नावं नकोत. काय झालं आणि कोणता कागद कामाला आला, एवढं सांगा.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राधानगरी तालुका

माझं प्रकरण एमएससीआयटीचं. संगणक परीक्षा ३१ डिसेंबर २००७ पर्यंत पास व्हायची होती, मी त्यानंतर झाले. आमच्या शाळेत तेव्हा दिवसा वीज नसायची, संगणक तर लांबच. पण मधल्या काळात माझ्या वेतनवाढी कुणी थांबवल्या नाहीत. सेवापुस्तकात दरवर्षी नोंद झाली, सही-शिक्का झाला. निवृत्तीला काही महिने उरले आणि पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं, तिथे आक्षेप लागला. वेतनवाढी चुकीच्या, वेतननिश्चिती सुधारा, फरक वसूल करा. रक्कम दोन लाखांच्या वर, आणि ती उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, कापणार.

कार्यालयात सांगितलं, "मॅडम, संमतीपत्रावर सही करा, म्हणजे पेन्शनचं प्रकरण लगेच पुढं जाईल." पेन्शन अडकली तर खायचं काय, हा प्रश्न खराच होता. आमच्या केंद्रप्रमुखांनी युक्ती सांगितली. सही करायची, पण त्याच कागदावर आपल्या अक्षरात लिहायचं: "वसुली मला मान्य नाही, हरकत राखून सही करीत आहे." आणि त्या कागदाची झेरॉक्स तिथेच काढून घ्यायची. पुढे उच्च न्यायालयात ही एक ओळ फार उपयोगी पडली.

आम्ही काही शिक्षकांनी मिळून याचिका केली. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह निकाल दाखवला, १८ डिसेंबर २०१४ चा. मी तो स्वतः वाचून घेतला, मराठीत समजावून घेतला. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून वसुली नको. निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून नको. आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा पैसे दिले गेले असतील तरी नको. वरच्या पदाचं काम करवून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल तर नको. आणि वसुली फारच जाचक होणार असेल अशा इतर प्रकरणांतही नको. यातल्या तीन गोष्टी मला थेट लागू होत्या. कापलेली रक्कम परत मिळाली. पेन्शन मात्र सुधारित, म्हणजे कमी वेतनावरच बसली. ती बाब वेगळी असते, हे आधी माहीत असू द्या.

धागा सुरू करणारी

बाई, शेवटचा मुद्दा लिहिलात ते फार बरं केलंत. या निकालाने मागची वसुली थांबते. चुकलेली वेतननिश्चिती पुढच्यासाठी दुरुस्त करायला कार्यालय मोकळं असतं. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि मग जिंकूनही निराश होतात.

निवृत्त सहायक लेखाधिकारी, कोल्हापूर शहर

मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. वेतननिश्चिती आस्थापना शाखेतला लिपिक करतो. वेतन आयोग बदलतो, कालबद्ध पदोन्नती येते, आश्वासित प्रगती योजना येते, एकस्तर वेतनश्रेणी लागते. प्रत्येक वेळी नवा शासन निर्णय, त्यावर खुलासे, खुलाशांवर शुद्धिपत्रकं. चूक होते. पण ती तपासली जाते बहुधा निवृत्तीच्या तोंडावर, आणि तोवर पंधरा-वीस वर्षांचा फरक साचलेला असतो. हे व्यवस्थेचं अपयश आहे आणि त्याचा भार कर्मचाऱ्यावर टाकणं मला नोकरीत असतानाही पटत नव्हतं.

तरीही प्रत्येक वसुली अन्यायाची नसते. खोटी माहिती देऊन घेतलेला भत्ता, दडवलेली बाब, यांना कुठलाच निकाल वाचवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये थॉमस डॅनियल प्रकरणात केरळच्या एका निवृत्त शिक्षकाला दिलासा दिला, तोही त्यांच्याकडून फसवणूक किंवा चुकीचं निवेदन झालेलं नव्हतं म्हणून.

नोकरीत असलेल्यांना हात जोडून सांगणं आहे. दुय्यम सेवापुस्तक स्वतःकडे ठेवा आणि मूळ पुस्तकातल्या नोंदी त्यात वेळच्या वेळी भरून घ्या. वाद होतो तेव्हा मूळ पुस्तक "सापडत नाही" हे उत्तर मी स्वतःच्या कानांनी फार वेळा ऐकलं आहे. शिवाय निवृत्तीनंतर पेन्शनमधून वसुली करायची तर निवृत्तिवेतन नियम १९८२ च्या नियम १३४-अ नुसार आधी म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. कारणे दाखवा नोटीस न देता थेट कपात झाली असेल तर पहिल्या अर्जात हाच मुद्दा लिहा.

शिपायाचा मुलगा, कागल तालुका

वडील एका कार्यालयात शिपाई होते. दीड एकर जमीन बापजाद्यांपासूनची. पीएम किसानचे, म्हणजे शेतकरी सन्मान निधीचे, दोन-दोन हजार येत होते. गावात यादी लागली, त्यात नाव: पेन्शन दहा हजारांच्या वर, अपात्र, सगळे हप्ते परत करा. वडिलांना चारचौघांत नाव वाचलं गेल्याचंच जास्त लागलं. दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मी योजनेची मार्गदर्शक सूचना काढून वाचली. दहा हजार आणि त्यावर पेन्शन असणारे अपात्र, हे बरोबर. पण त्याच वाक्यात कंसात चतुर्थ श्रेणी, गट-ड वगळून असं लिहिलेलं आहे. म्हणजे वडील पात्रच! पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, सेवापुस्तकाचं पहिलं पान आणि त्या सूचनेचं पान, ज्यावर ती ओळ पिवळी केलेली, असा अर्ज तहसीलला दिला. आवक क्रमांक घेतला. वेळ लागला, पण मागणी रद्द झाली. गावातल्या आणखी एका निवृत्त शिपाईकाकांचं नावही त्याच अर्जाच्या नमुन्यावर सुटलं.

फौंड्रीत कामाला, शिरोली एमआयडीसी परिसर

माझंही पीएम किसानच. बँकेच्या कर्जासाठी रिटर्न भरलं होतं, कर शून्य. यंत्रणेत मात्र "आयकरदाता". नियम आयकर भरलेल्यांना वगळतो, नुसतं विवरणपत्र भरलेल्यांना नाही. रिटर्नची पोच आणि २६एएस (नावावर जमा झालेल्या कराचा तपशील) जोडून दिलं. तपासून मागणी मागे घेतली.

आमच्या चुलत्यांनी मात्र त्या वर्षी खरोखर कर भरला होता. त्यांना मीच म्हटलं, काका, हे भरूया. भरले, पावती घेतली, पावतीची प्रत तलाठ्याकडे दिली. पावती महत्त्वाची, कारण नंतर पुन्हा तीच मागणी आली होती आणि त्या कागदावरच मिटली.

नातवाने टाइप केलेलं, आजोबांचं सांगणं, करवीर तालुका

आमचं प्रकरण जुनं हाय, २००८ च्या कर्जमाफीचं. केंद्राची योजना. ३१ मार्च २००७ पत्तुर दिलेलं आणि थकलेलं पीककर्ज माफ, दोन हेक्टरपत्तुरच्या शेतकऱ्याला सगळंच माफ. सोसायटीनं सांगितलं, तात्या तुमचं बसतंय. बसलं. बेबाकी दाखला, म्हंजे कर्ज फिटल्याचा कागद, मिळाला. घरात पेढं वाटलं.

मग काय वर्षांनी कळलं, आपल्या जिल्ह्यात कर्जमाफी जादा झाली म्हणून वरनं तपासणी लागली. म्हणं एकरी जेवढी कर्जाची मर्यादा ठरवल्याली, त्याच्या वरची माफी अपात्र. ४४ हजारांवर शेतकरी आणि ११२ कोटींच्या वर रक्कम, पेपरात रोज यायचं. पैसं बँकेकडनं माघारी घेतलं, बँकेनं सोसायटीकडं, सोसायटीनं आमच्या नावावर परत टाकलं. आता मला सांगा, मर्यादेपेक्षा जादा कर्ज मंजूर केलं कुणी? आमी मागितलं, त्येनी दिलं. उसाला खर्च तेवढा येतोयच. आणि एकदा माफ झालेलं कर्ज परत उताऱ्यावर दिसाय लागलं की नवीन कर्ज न्हाई.

आमी मोर्चात गेलो, दसरा चौकात बसलो. शेतकरी हायकोर्टात गेलं. आमच्या वकिलांचं म्हणणं एकच हुतं, योजनेच्या कागदात ही मर्यादेची अट दाखवा. हायकोर्टात शेतकऱ्यांच्या बाजूनं लागलं, तरी लढाई पुढं सुप्रीम कोर्टापत्तुर गेलीच. एवढ्या वर्षांत आमच्या वाडीतली त्या यादीतली किती माणसं गेली. बेबाकी दाखला मी अजून लोखंडी पेटीत ठेवलाय. कुणी तो टाकू नका, एवढंच माझं सांगणं.

सून, गडहिंग्लज

सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. सासरे गेल्यावर सुरुवातीची सात वर्षं वाढीव दराने आणि मग कमी दराने मिळायला हवं होतं. दर कमी करायचा राहून गेला. सासूबाई पासबुकावर अंगठा लावतात, त्यांना दर कसले कळणार? मागणी आली तेव्हा हिशेबाचा तक्ता मागितला. महागाई वाढ धरून महिनावार तक्ता आला, त्यात काही महिने दोनदा मोजलेले सापडले. रक्कम बरीच खाली आली. उरलेल्यासाठी आम्ही कोर्टात गेलो नाही, सासूबाईंना ते सोसवलं नसतं. छोटे हप्ते बांधून घेतले. हातात येणारी पेन्शन औषधांना पुरली पाहिजे, असं अर्जात वैद्यकीय कागदांसह लिहिलं होतं.

शिरोळ तालुका, कृष्णाकाठ

२०१९ चा महापूर. ग्रामीण भागाला कुटुंबामागे दहा हजार. आम्ही दोघे भाऊ, घर एक, चुली दोन, रेशनकार्डं दोन. नंतर तक्रार झाली की एका घराने दोनदा घेतलं. माहितीच्या अधिकारात पंचनाम्याची प्रत मागवली, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पंचनाम्यातच दोन कुटुंबं लिहिलेली होती, खाली पंचांच्या सह्या. विषय तिथेच संपला.

वकील, कसबा बावडा

एक धोका कुणी लिहिला नाही. वेतन आयोगाच्या वेळी पर्याय देताना आपण वचनपत्र देतो की जादा रक्कम दिली गेल्यास परत करीन. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा वचनपत्रामुळे वसुली योग्य ठरवली. जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते. वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्यासाठी हा फरक आम्ही ठासून मांडतो, पण समोरची बाजू वचनपत्र काढणारच हे धरून तयारी ठेवा. आपण काय लिहून दिलं होतं ते सेवापुस्तकात चिकटवलेलं असतं, आधी ते पाहा.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. या धाग्यावरच्या सासूबाईंनाही मिळाला असता.

कनिष्ठ लिपिक, पन्हाळा

मला याच महिन्यात आदेश आला आहे. जिल्हा परिषदेत आहे. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं का? किती मुदत असते?

वकील, कसबा बावडा

मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, तिथे आदेशापासून एक वर्षाची मुदत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला उच्च न्यायालयात रिट करावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच कोल्हापुरात बसतं, मुंबईच्या खेपा वाचल्या. पण आधी कार्यालयाला लेखी निवेदन द्या: महिनावार हिशेब, ज्या शासन निर्णयाने वसुली काढली त्याचा क्रमांक, आणि सुनावणी. पोच घ्या. पगारातून पहिली कपात व्हायच्या आत भेटा, येताना आदेश, वेतननिश्चितीचं विवरण आणि वचनपत्राची प्रत घेऊन या.