कीर्तिमंदिराचे शिखर आणि भिंतींवरील चित्रे

दांडियाबाजार : पुण्याहून आलेल्या भाचीला परवा आपल्या बडोद्याचे कीर्तिमंदिर दाखवायला नेले होते. गायकवाड घराण्याचे हे स्मारक असूनही मधल्या दालनातील भिंतींवर घराण्याच्या एकाही लढाईचे चित्र कसे नाही, असे तिने विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. शिखरावर बसवलेल्या सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांचा अर्थही जाणकारांनी सांगावा.

सुरसागर : सूर्यचंद्रांचे मूळ आपल्या जुन्या दानपत्रांत आणि वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मृतिशिळांवर, सापडते. ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर हे टिकावे, असा तो संकेत आहे आणि कीर्तीच्या मंदिरावर तो शोभतोच. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पृथ्वीवरील अखंड हिंदुस्थानचा नकाशा. १९३६ साली, इंग्रजांचे राज्य असताना, सयाजीराव महाराजांसारख्या एका संस्थानिकाने आपल्या पूर्वजांच्या स्मारकावर संस्थानाचा नव्हे, तर साऱ्या देशाचा नकाशा बसवावा, ही साधी गोष्ट नव्हे.

मांडवी : चित्रे शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची आहेत. गंगावतरण, महाभारतातील युद्ध, मीरेचे चरित्र आणि ‘नटीर पूजा’ असे चार विषय त्यांनी रंगवले. यांतील शेवटचे चित्र रवींद्रनाथांच्या नाटकावरून घेतले आहे. स्तूपाचा अवमान व्हावा म्हणून राजनर्तकी श्रीमतीला त्याच्यापुढे नाचण्याची आज्ञा होते. ती नाचता नाचता एकेक अलंकार उतरवते, आत भिक्षुणीचे वस्त्र दिसते आणि त्या पूजेपायी तिला प्राण गमवावे लागतात. मीरेनेही भक्तीसाठी राजवाडा सोडला. राजांच्या स्मारकात राजसत्तेपुढे न नमलेल्या या दोघींना भिंती मिळाव्यात, हेच मला तुमच्या भाचीच्या प्रश्नाचे खरे उत्तर वाटते. घराण्यातील व्यक्तींसाठी पुतळे आणि छायाचित्रे तेथे आहेतच.

सुरसागर : एक भर घालतो. सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले आणि नंदलालांचे काम १९४६ पर्यंत चालले होते, त्यामुळे चारही भिंती पूर्ण झालेल्या पाहणे महाराजांच्या नशिबी नव्हते.

दांडियाबाजार : दोघांचाही आभारी आहे. ‘नटीर पूजा’समोरून आम्ही नर्तकीचे सुंदर चित्र एवढेच म्हणून पुढे गेलो होतो. भाची रविवारपर्यंत येथे आहे, तेव्हा तिला पुन्हा घेऊन जातो.